गोदावरीच्या दोन काठांवरचा ससा

नांदेडला गोदावरीच्या काठी शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला मुक्कामी होते. त्या दिवसांत त्यांनी इथे एका सशाची शिकार केली आणि सशाच्या जन्माला आलेल्या सियालकोटच्या मूला खत्री यांच्या जीवाला जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडवले, अशी शीख भाविकांची श्रद्धा आहे. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारे यात्रेकरू शिकारघाटालाही जाऊन येतात. मराठवाड्यात सशाची आठवण जपणारी ही जागा मला फार मोलाची वाटते, कारण एरवी आपण सशाची आठवण ठेवत नाही.

याच नांदेडहून दर उन्हाळ्यात भाविक उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिबला जातात. त्या भागात, वृक्षरेषेच्या वर, दरडींचे दगड एकावर एक पडलेले असतात. त्या दगडांच्या फटीतून मुठीत मावेल असा, गोल कानांचा, बिनशेपटीचा एक तपकिरी प्राणी डोके काढतो, तोंडात गवताची काडी धरून क्षणभर थांबतो आणि पुन्हा फटीत शिरतो. चोपता-तुंगनाथच्या वाटेवरही तो दिसतो. आपली माणसे परत आल्यावर सांगतात, एवढ्या थंडीत तिथे उंदीर फिरत होते. तो उंदीर नसतो. त्याला पिका म्हणतात आणि तो सशाच्या कुळातला आहे. आपल्या माळावरच्या सशाचा तो दूरचा चुलतभाऊ.

हा लेख मात्र आपल्याकडच्या सशाबद्दल आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सशाचे काय चालले आहे, तो कुठे राहतो, काय खातो, कोण त्याला मारते, त्याची जागा कुठे गेली, कायदा काय म्हणतो, आणि त्याच्याबद्दल विचारायचे राहून गेलेले प्रश्न कोणते, असा हा आढावा. पिकाला मी मध्ये मध्ये बोलावणार आहे. हिमालयाच्या माथ्यावरच्या त्या इवल्याशा जीवाकडे ज्या बारकाईने पाहिले गेले, ती बारकाई आपल्या दारातल्या सशाच्या वाट्याला यावी, एवढीच माझी ओढ आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. मराठीत ससा हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लावला जातो. पिंजऱ्यात पाळला जातो तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. तो जमिनीत बिळे करतो, कळपाने राहतो, आणि त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा उघडी आणि आंधळी असतात. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही. तो एकटा राहतो, गवताच्या ठोंबाआड किंवा झुडपाखाली अंगाएवढा खळगा करून त्यात दबून बसतो, आणि त्याची पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात. पाळीव सशाचा रानटी भाऊबंद भारताच्या रानात नाहीच. तरी आपल्या मुलांच्या चित्राच्या वहीतला ससा पांढराच असतो. लातूरच्या मुलाने सशाचे चित्र काढले तर ते मातकट रंगाचे, लांब पायांचे आणि काळसर मानेचे निघावे. त्याने पाहिलेला ससा तोच आहे.

मराठीने मात्र हा खरा ससा नीट पाहिलेला आहे. ससेहोलपट हा शब्दच घ्या. शिकारी आणि कुत्री चारी बाजूंनी मागे लागल्यावर सशाची जी फरपट होते, ती ज्याने पाहिली त्यानेच हा शब्द घडवला असणार. सशाचे काळीज म्हणजे भित्रे मन, सशाचे शिंग म्हणजे जगात नसलेली गोष्ट. ससेमिरा हा शब्दही सशाचाच वाटतो, पण तो त्याचा नाही. विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या कथांत वेड लागलेला एक राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढेच बरळत असतो, आणि त्या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक ऐकवल्यावर भानावर येतो. तो शब्द तिथून आला. भित्रेपणाचा शिक्का मात्र सगळ्या कथांनी मारलेला नाही. हंपीच्या आख्यायिकेत ससा शिकारी कुत्र्यांवर उलटतो आणि त्या जागी विजयनगर वसवले जाते. जातककथेत तर अतिथीला द्यायला काही नाही म्हणून ससा स्वतः आगीत उडी घेतो, आणि त्याचे चित्र चंद्रावर उमटते.

सशाला पुष्कळ जण उंदराच्या जातीचा समजतात. कुरतडणारे दात दोघांनाही आहेत, पण सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी लपलेली असते. उंदीर-खारींना ती नसते. एवढ्या एका खुणेवर ससे आणि पिका यांचा वेगळा गण मानला गेला, आणि पुढच्या अभ्यासाने तो पक्का झाला. या गणाचे फार जुने अवशेष आपल्या शेजारीच सापडले आहेत. सुरतजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत पायाची काही छोटी हाडे मिळाली, ती सुमारे ५ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची. २००८ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. लातूर आणि नांदेडचा काळा दगड ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे दख्खनचा लाव्हा थंड झाल्यावर, भूगर्भशास्त्राच्या हिशेबात फार काळ गेला नव्हता, तेव्हाच सशाचे पूर्वज पश्चिम भारतात वावरत होते. आपण माळावर जो प्राणी पाहतो त्याच्या घराण्याचा इथला रहिवास इतका जुना आहे.

आता गोदावरीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न तिच्या पात्रात आहे. भारतीय सशाचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा. पण भारतभरच्या सगळ्या सशांची मान काळी नसते. दक्षिणेकडच्या सशाच्या कानांमागून खांद्यांपर्यंत गडद काळा पट्टा असतो आणि शेपटी वरून काळी असते. उत्तरेकडच्या सशाची मान राखाडी-तपकिरी आणि शेपटी वरून तांबूस असते. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांनी या दोन उपजातींमधली सीमा म्हणून गोदावरीचे नाव घेतले. तसे असेल तर ही सीमा नांदेड जिल्ह्याच्या मधून जाते. कंधार, लोहा, मुखेड, देगलूर नदीच्या दक्षिणेला. लातूर तर सगळेच दक्षिणेला. अर्धापूर, भोकर, हदगाव, किनवट, माहूर उत्तरेला. मग माहूरगडाच्या पायथ्याचा ससा तांबड्या शेपटीचा आणि मुखेडच्या माळावरचा काळ्या मानेचा आहे का? की नांदेडच्या आसपास दोन्ही खुणा मिसळलेले ससे दिसतात? उन्हाळ्यात पात्राचा बराच भाग कोरडा पडायचा त्या काळात नदी सशाला अडवत होती का, आणि विष्णुपुरीच्या धरणाने पाणी अडवल्यावर काही बदलले का?

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, आणि तिचे पहिले काम खानदेशात झाले. तिथल्या सशाला तेव्हाचे सनदी अधिकारी सिमकॉक्स यांच्यावरून वेगळे उपजातीचे नाव मिळाले. सातपुड्यातल्या महादेव डोंगररांगेच्या सशाला ‘महादेवा’ म्हटले गेले. नमुने गोळा करायचे, कातडी मोजायची, रंग लिहायचे आणि नाव द्यायचे, असा तो काळ होता. आता जनुकांवरून पाहता येते. सिक्कीममधल्या पिकाचे उदाहरण समोर आहे. तो प्राणी चीनकडच्या एका जातीचीच उपजात समजला जात होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या निश्मा दहाल, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुके, कवटी आणि अधिवास तपासले, आणि २०१६ साली ती स्वतंत्र जात असल्याचे जाहीर झाले. सिक्कीमच्या बर्फाळ दगडांत जाऊन हे काम झाले. गोदावरीच्या दोन्ही काठांवरून सशाच्या लेंड्या गोळा करायला एवढे कष्ट पडणार नाहीत. लेंडीतूनही जनुके मिळतात, प्राण्याला हात लावावा लागत नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर विष्णुपुरीलाच आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला याहून चांगला विषय शोधायला लांब कशाला जायचे?

सशाचे जगणे समजून घ्यायला पिका फार उपयोगी पडतो, कारण एकाच घराण्यातल्या या दोघांनी दोन टोकांच्या हवामानांशी जमवून घेतले आहे. पिकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आपल्या सशाचे साधारण दोन-तीन किलो. पिकाचे कान लहान आणि गोल, म्हणजे अंगातली ऊब बाहेर जाऊ नये. सशाचे कान लांब, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडावी. मोठ्या कानांचा पिका हिमालयात सहा हजार मीटरच्या वरही पाहिला गेला आहे. अमेरिकेतल्या पिकावर जे अभ्यास झाले त्यांत असे दिसले की आडोशाला जाऊ दिले नाही, तर पंचवीस-सव्वीस अंशांच्या हवेतही तो काही तासांत मरतो. आपला ससा मे महिन्यात त्रेचाळीस अंशांच्या उन्हात लातूरच्या मुरमाड माळावर दिवस काढतो. अमेरिकेतला पिका उन्हाळ्यात गवत आणि फुले कापून दगडांवर वाळवतो आणि फटीत रचून ठेवतो. आपल्याकडे सोयाबीनची बनीम लावतात तशीच ती असते, फक्त हातभर. ससा काहीच साठवत नाही. पावसाळ्यात कोवळे गवत, थंडीत हरभरा आणि करडईचे कोवळे शेंडे, उन्हाळ्यात झुडपांचा पाला आणि साल, असे त्याचे वर्ष जाते.

दोघांची एक सवय सारखी आहे, आणि ऐकायला विचित्र वाटली तरी ती अतिशय शहाणपणाची आहे. गवत पचवायला अवघड. गाय-म्हैस ते पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. ससा ते पोटातून दोनदा काढतो. पहिल्या फेरीतल्या मऊ लेंड्या तो तिथल्या तिथे खातो, त्यांतली प्रथिने आणि जीवनसत्त्वे घेतो, आणि दुसऱ्या फेरीनंतर ज्या कोरड्या, गोल लेंड्या पडतात त्या आपल्याला बांधावर दिसतात. दिवसभर खळग्यात दबून बसलेला ससा उपाशी नसतो, तो रात्रीच्या चाऱ्याचे उरलेले काम करत असतो.

पिकाला दगडांची फट लागते तशी सशाला गवताची ठोंबे लागतात. हे नीट लक्षात घेतले की पुढचे सगळे प्रश्न उलगडतात. ठोंबाआड सावली आहे, वाऱ्यापासून आडोसा आहे, गरुडाच्या नजरेपासून लपण आहे, पिल्ले ठेवायला जागा आहे. ठोंब गेले की ससा उघड्यावर आला.

नांदेड-लातूरमध्ये अशी जागा कुठे कुठे आहे? किनवट आणि माहूरकडे सागाचे रान आहे, पैनगंगा अभयारण्य यवतमाळच्या सीमेवर आहे. तिथल्या रानाच्या कडेला, मोकळवनात ससा राहतो, पण दाट जंगल त्याला मानवत नाही. देगलूर-बिलोलीकडे जमीन वेगळी आहे. काळा दगड संपून तिथे ग्रॅनाइटसारखे जुने खडक वर येतात, मोठमोठ्या गोलाकार शिळांच्या टेकड्या दिसतात. हिमालयातल्या दरडीची आठवण करून देणारे असे खडक मराठवाड्यात इतरत्र क्वचितच भेटतील. लातूर जिल्ह्यात मात्र वन असे फारसे नाहीच, जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा एक टक्काही ते भरत नाही. तिथे सशाचा सगळा भार बालाघाटाच्या पठारावरच्या माळांवर, गायरानांवर, मांजरा-तेरणा-तावरजाच्या ओढ्याकाठांवर आणि शेताच्या बांधांवर आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्ये तरवड, बोरी, हिवर. महसुली कागदावर या जमिनीला पडीक म्हणतात, आणि माझ्या मते सशाचे दुर्दैव त्या एका शब्दापासून सुरू होते.

पडीक म्हणजे कुणी काही करत नाही अशी जमीन. मग तिचे काहीतरी केले पाहिजे, असे सगळ्यांना वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळाने सगळ्यांचे मन हलले, आणि झाडे लावा हा त्यातून निघालेला सर्वांत सोपा उपाय होता. राज्याने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ५० कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यांतली ३३ कोटी एकट्या २०१९ मध्ये. एवढ्या झाडांना जागा हवी, आणि रिकामी दिसणारी जागा म्हणजे माळ. लातूरला झाडे हवीत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ओढ्याकाठी हवीत, रस्त्याकडेला हवीत, गावठाणात आणि शेताच्या कडेला हवीत. पण वीतभर मुरूम असलेल्या माळावर यंत्राने चर खोदून गिरिपुष्पाच्या ओळी लावल्या, की शेकडो वर्षांचे गवत उपटले जाते. माळावरचे गवतच पाणी धरते, माती धरते, शेळ्या-मेंढ्यांना चारा देते. तो माळ जमिनीचा आजार नाही, तीच तिथली निरोगी प्रकृती आहे.

त्यानंतर सौरऊर्जा आली. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्रांजवळच्या सरकारी आणि गायरान जमिनी सौरप्रकल्पांना दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही मोठी गोष्ट आहे. रात्री साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला तिचे मोल विचारावे. पण कोणते गायरान द्यायचे आणि कोणते राखायचे, हे ठरवताना तिथे काय उगवते आणि काय जगते याची एकदा पाहणी व्हायला हवी.

गायरानाबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी, त्यातही दलित कुटुंबांनी, गायरानाचा तुकडा कसून पोट भरले आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून ही मागणी आहे, आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सशाचे नाव पुढे करून या माणसांना हुसकावणे मला कदापि मान्य नाही. एकदोन एकरांत ज्वारी-मूग करणाऱ्या कुटुंबाच्या बांधावर ससा सुखाने राहतो. त्याची जागा गेली आहे ती खडीच्या खाणींत, मुरूम उपशात, भूखंडांत आणि बांध संपवणाऱ्या शेतीत.

बांधावर थोडे थांबले पाहिजे. पूर्वी ज्वारी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी असायची, तुरीचे पाटे असायचे, करडईचे काटेरी रान असायचे, आणि दोन शेतांमध्ये हात-दीड हात रुंदीचा गवताळ बांध असायचा. वर्षातला बहुतेक काळ सशाला कुठे ना कुठे आडोसा होता. आता दोन्ही जिल्ह्यांत खरिपात मैलोन्मैल सोयाबीन. तीन-साडेतीन महिन्यांत ते निघते आणि दिवाळीच्या सुमारास सगळे शिवार एकदम उघडे पडते. बांध दोन्हीकडून कोरून टीचभर उरला आहे. त्या टीचभर बांधावरही तणनाशक मारतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेसुरले गवत पेटवून देतात. बांध पेटवण्याला मजुरी लागत नाही म्हणून तो पेटतो. पण त्या आगीत सशाची पिल्ले जळतात, कारण धोक्याच्या वेळी पळायचे नाही, दबून बसायचे, हेच त्यांच्या रक्तात असते.

शिकारीचा इतिहास या भागात मोठा आहे. सशासाठी वाघूर लावायची, म्हणजे झुडपांमधून लांब जाळे ताणायचे आणि हाकारे करून ससा त्यात घालायचा, ही जुनी रीत. फासेपारध्यांचे फासे त्यांच्या नावातच आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी पारध्यांच्या पाठीमागचा संशय गेला नाही. माळावर ससा मेला की पहिला संशय पालावरच्या माणसावर घ्यायचा, ही सवय आपण सोडली पाहिजे. रात्री गाडीवरून मोठा प्रकाशझोत टाकून डोळे दिपलेला ससा टिपणारे, त्याचे चित्रण मोबाइलवर फिरवणारे लोक पालावर राहत नाहीत.

आणि कुत्री. चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव पश्मी आणि कारवान कुत्र्यांसाठी ओळखले जाते. लांब जबडा, खोल छाती, आत गेलेले पोट, उंच सडपातळ पाय. पश्मीच्या अंगावर रेशमासारखे केस. वासावर नव्हे तर नजरेवर शिकार धरणारी ही जात माळावरच्या सशामागे पळूनच घडली. सशाच्या वेगाने तिला हा बांधा दिला असे म्हटले तरी चालेल. तिचाच भाऊबंद असलेल्या मुधोळ कुत्र्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले. हा मराठवाड्याचा ठेवा आहे आणि तो टिकला पाहिजे. राखणीला, धावण्याच्या शर्यतीला, सुरक्षा दलांच्या कामाला ही कुत्री वापरता येतात. सशावर सोडायला मात्र आता कायद्याची परवानगी नाही.

तो कायदा काय आहे, हे अनेकांना माहीत नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सशांची एकच नोंद होती. तिच्यात काळ्या मानेचा ससा, भारतीय ससा, वाळवंटातला ससा आणि ‘हिमालयातला मूषक-ससा’ एका ओळीत बसवले होते. हा मूषक-ससा म्हणजेच पिका. चुलतभाऊ कायद्यात एकाच पंगतीला होते. मूळ कायद्यात ही अनुसूची म्हणजे परवाना काढून करायच्या छोट्या शिकारीची यादी होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती शिकार बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, अनुसूचींची मांडणी बदलली, पण बंदी तशीच आहे. ससा मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मांस विकणे आणि विकत घेणे हाही गुन्हाच आहे. ढाब्यावर सशाचे मटण आहे असे कुणी कानात सांगितले तर सांगणाऱ्याने आणि खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. उगवून आलेल्या सोयाबीनचे, तुरीचे कोवळे रोप ससा खातो. नव्या लावलेल्या आंब्याची, सीताफळाची साल कुरतडतो. त्याने तोडलेली फांदी ओळखता येते, चाकूने तिरपी कापल्यासारखी स्वच्छ असते. हरिणाने ओरबाडलेली तशी नसते. हरभऱ्याचे मात्र वेगळे आहे. फुटवे वाढावेत म्हणून आपणच हरभऱ्याचे शेंडे खुडतो, ठरावीक दिवसांपर्यंत सशाचे खाणे त्याच कामाचे. रोपांना खोडाभोवती जाळी किंवा जुन्या पोत्याचे वेष्टण केले तर बहुतेक नुकसान टळते. रानडुकराच्या नासाडीच्या शेजारी सशाचे नुकसान ठेवून पाहावे, म्हणजे त्याचे माप कळेल.

उलट बाजूही पाहावी. लांडगा, खोकड, कोल्हा, रानमांजर, मोरघार, शृंगी घुबड या सगळ्यांच्या ताटात ससा असतो. माळावरचा ससा संपला की लांडगा धनगराच्या वाड्यावर येतो आणि मेंढ्या उचलतो. सशाचे नुकसान तेव्हा धनगराचे नुकसान होते. तिबेटच्या पठारावर याचा मोठा धडा मिळाला आहे. तिथल्या पिकाने कुरण खराब केले असे समजून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये प्रचंड प्रमाणावर विष टाकले गेले. पुढे अँड्र्यू स्मिथ आणि इतर संशोधकांनी दाखवले की त्याच्या बिळांत पक्षी घरटी करतात, पाणी बिळांतून जमिनीत मुरते, आणि कोल्ह्यापासून ससाण्यापर्यंत किती तरी प्राणी त्याच्यावर जगतात. कुरण बिघडले की पिका वाढतो, हे कळायला वेळ लागला. आपण आपल्या छोट्या गवतखाऊ प्राण्याबद्दल तीच चूक करू नये.

दोन साध्या गोष्टी सांगतो, त्यांनी काही ससे नक्की वाचतील. शेतात सशाचे एकटे पिल्लू दिसले तर ते अनाथ नसते. मादी पिल्लांना एकटे ठेवून दूर जाते आणि अंधार पडल्यावर दूध पाजायला येते, म्हणजे तिच्या वासावर शत्रू पिल्लांपर्यंत पोचू नये. दयेने घरी नेलेले पिल्लू गाईच्या दुधावर बहुधा जगत नाही, आणि ते घरी ठेवणे कायद्यालाही मान्य नाही. आहे तिथे ठेवावे आणि कुत्र्याला दूर न्यावे. दुसरे रस्त्याचे. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा नागपूरकडे जाणारा महामार्ग रुंद झाला आहे. रात्री दिव्यासमोर आलेला ससा उजेडाच्या पट्ट्यातच पळत राहतो. वेग कमी करून क्षणभर दिवा मंद केला की तो बाजूला होतो.

संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत भारतीय ससा धोक्याबाहेरचा आहे. देशभराचा विचार करता ते बरोबर असेल. पण अहमदपूरच्या एका माळावरचा ससा देशाच्या सरासरीत जगत नाही, तो त्या माळावर जगतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणारी प्राणिगणना अभयारण्यांत होते. गायरान आणि बांध तिच्यात येत नाहीत. म्हणून गावोगावच्या नोंदींना किंमत आहे.

मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्या येळवसला, लातूर-नांदेडचे अख्खे गाव शेतात असते. कोपीपुढे आंबील आणि भज्जी असते, पोरे हरभऱ्यातून धावत असतात, आणि कधीतरी त्यांच्या पायांतून ससा उसळून निघतो. पुढच्या येळवसला तसा ससा निघाला तर त्याच्यामागे कुत्रा सोडू नका. तो पळताना त्याची मान आणि शेपटी पाहा. मान काळी होती की राखाडी, शेपटी काळी होती की तांबूस, गाव कोणते, गोदावरीच्या कोणत्या अंगाला, तारीख काय, एवढे पोरांकडून वहीत लिहून घ्या, आणि ती वही तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना नेऊन द्या.